चाळिसावी संमती

१

जिवली सभागृहाच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा परवानापत्रावर चार सह्या झालेल्या होत्या आणि पाचवी करण्यासाठी दमयंतीबाई चुरींनी लेखणीचे टोपण नुकतेच काढले होते.

गावोगावच्या बोलींतल्या चित्रफिती मोबाइलवर मागाल तेव्हा दाखवणाऱ्या सेवांना सरकारी परवाना बंधनकारक होऊन वर्षही झाले नव्हते. पालघरची परवाना समिती पाच जणांची होती. चौघे सरकारी अधिकारी. पाचव्या दमयंतीबाई, पस्तीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, केळव्याच्या. समितीपुढचा पहिलाच अर्ज बोईसरच्या ‘चित्रमांडव’ या संस्थेचा होता आणि तिचा चालक शैलेश राऊत हा बाईंचा जुना विद्यार्थी. अटी दोन होत्या. स्थानिक बोलींतल्या किमान चाळीस चित्रफिती हव्यात; आणि त्यांत जो गातो, बोलतो, नाचतो त्याची संमती हवी. ज्याला लिहिता येत नाही त्याने कॅमेऱ्यासमोर बोलून दिलेली संमतीही ग्राह्य. शैलेशने मोजून चाळीस फिती सादर केल्या होत्या. सगळ्या संमत्या तपासून ‘योग्य’ असा शेरा मारण्याचे काम बाईंकडे होते आणि महिन्यापूर्वी त्यांनी ते पूजेला बसावे तशा एकाग्रतेने केले होते.

“माझं गानं कोन दाखवतंय?” जिवलीने विचारले.

साठी ओलांडलेली, सडपातळ बांध्याची, गुडघ्यापर्यंत नेसलेल्या लुगड्यातली ती बाई सफाळ्याच्या पूर्वेकडच्या खडकपाड्याहून आली होती. मागे तिचा थोरला भाऊ मंगळ्या, हातात टोपी घेऊन. जिवली धवलेरी होती. वारल्यांच्या घरी लग्न लावते ती धवलेरी. तिने गाणे म्हटल्यावाचून नवरानवरी नवराबायको होत नाहीत. ते गाणे मांडवाबाहेर म्हणायचे नसते. चित्रमांडवने चाचणी म्हणून दोनशे मोबाइलवर आपल्या फिती सोडल्या होत्या; त्यांतला एक मोबाइल खडकपाड्यात होता.

शैलेश उठून नम्रपणे म्हणाला, “जिवलीमावशी, तुमची संमती घेतलेली आहे. सगळ्यांसमोर दाखवतो.”

पडदा उजळला. ओसरीत बसलेली जिवली, छातीपर्यंतच दिसणारी. तिच्यामागे वळचणीवरून पागोळ्या गळत होत्या. कुठूनसा दुरून तारप्याचा स्वर येत होता, मध्येच एकदा कुणीसे खोकले. जिवलीने खालची नजर वर उचलली, हसली आणि म्हणाली, “दाखवा. समद्यांना दाखवा. आमी काय चोरी केलीय?” खाली तारीख होती, अठरा जुलै.

जिवली पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडाकडे पाहत राहिली.

“तोंड माझंच हाय,” ती सावकाश म्हणाली. “बोल पन माझंच हाय. पन ह्या गान्यासाठी मी कवा बोललेच नाय.”

२

अध्यक्ष शिवाजीराव यांनी परवानापत्र घडी घालून ठेवले. मुदत शुक्रवारी संपत होती. आज सोमवार होता. एक फीत गळली तर उरणार एकोणचाळीस, आणि अर्ज आपोआप रद्द.

“बाई, शेरा तुमचा आहे,” ते म्हणाले. “आयुष्यभर ग्रंथांतले प्रक्षिप्त भाग शोधलेत. आता हा शोधा.”

त्या बोलण्यात टोमणा नव्हता, तरीही बाईंना ते लागले. मंगळवारी सकाळी त्या खडकपाड्यास पोहोचल्या. शेतांत भात पोटरीतून बाहेर येऊन पिवळे पडू लागले होते; कापणीला अजून महिना होता. ओसरीत मंगळ्या बांबूची टोपली विणत होता. वर आढ्याला, फडक्यात गुंडाळलेले काही लांबट लटकत होते.

“तो तारपा का?” बाईंनी विचारले. भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांचे ते लांबलचक फुंकवाद्य त्यांनी प्रदर्शनात तेवढे पाहिले होते. “जरा सोडून दाखवता?”

मंगळ्याने मान हलवली. “आता नाय, बाय. नवा दाना घरात येऊं दे. मंग ये, पायजे तेवढा दावतो.”

“नुसता बघायला?”

“नुसतापन नाय,” तो हसून म्हणाला. “तुला घाई कसली? भात काय पलून चाललाय?”

जिवलीने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरे वाटले असते.

“माघात रिद्धीचं लगीन हाय, खालच्या घरातल्या पोरीचं. तिच्या आयशीचं लगीन मी लावलं, आजीचं माझ्या आयशीनं लावलं. परवा तिची आयशी आली, वर बघंना. म्हनं, विक्रमगडाकडली धवलेरी आनतो. म्हनं, जिवली, तू देवाचं गानं इकलं. ज्या धवलेरीला कोन बोलवत नाय, ती कोन हाय मंग? तूच सांग.”

“पण गाणं चित्रित झालं कसं?”

“वैशाखात मिथुननं घेतलं. माझ्या बहिनीचा पोर. तिकडंच कामाला हाय, क्यामेरा धरतो. लग्नघरच्यांनीच सांगितलं, घरात ठेवायला घे. घरात ठेवायला! नंतर आला इचारायला, मावशी, मोबाइलवर दाखवूं? मी म्हनलं, नाय. ते माझं नाय द्यायला. जो मांडवात बसला, त्याचं हाय.”

“आणि त्या चित्रात तुम्ही ‘दाखवा’ म्हणताय ते?”

“ती करटोली!” जिवली म्हणाली. “पावसात मिथुन आनि ती घिवलीची पोर आले होते, रानभाजीचं घ्यायला. मी करटोली निवडत होते. पोरीनं इचारलं, ही रानातली भाजी लोकांना दाखवूं का? मी म्हनलं, दाखवा, आमी काय चोरी केलीय?”

बाईंना आठवले. पडद्यावर जिवलीचे खांदे सारखे हलत होते. हात चौकटीबाहेर होते, आणि करटोल्यांची टोपलीही.

म्हणजे उत्तर खरे होते. त्याच्यापासून प्रश्न तोडून टाकला होता. आणि त्या दिवशी तिथे दोघेच होते: चित्रमांडवमधली घिवलीची मेघाली, आणि बहिणीचा मुलगा मिथुन.

“मिथुन कुठे आहे?”

मंगळ्याची बोटे थांबली. “काल सांजपासून नाय. मोबाइल बंद हाय.”

३

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर चित्रमांडवचे कार्यालय होते. जिन्यापाशी पहारेकऱ्याने सांगितले, “मिथुन भैया तो कल दोपहर के बाद आयेही नहीं, माताजी.”

मेघाली तामोरे ही तिशीची, स्पष्टवक्ती मुलगी चित्रफितींची जुळणी करी आणि परवान्याची कागदपत्रेही सांभाळी. तिने बाईंना खुर्ची दिली आणि स्वतः उभीच राहिली.

“मॅडम, करटोलीच्या दिवसाचं मूळ चित्रण मी शोधलं. नाहीये. ऑगस्टमध्ये पुसलंय. मिथुनच्या नावाने.”

“त्याच्या पासवर्डने?”

“त्याच्या, माझ्या, सगळ्यांच्या.” तिने भिंतीवरच्या फळ्याकडे बोट केले. दूधवाल्याचा फोन, वीजमंडळाचा फोन आणि कार्यालयातल्या सर्वांचे पासवर्ड तिथे एका रांगेत लिहिलेले होते. “शैलेशदादांना लक्षात राहत नाहीत. दहा वेळा ओरडले मी.”

“मिथुनच्या मावशीने नकार दिला, हे तुला ठाऊक होतं?”

मेघालीने ओठ आवळले. “होतं. मिथुनने दादांना सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. पुढच्या आठवड्यात यादीत संमती जोडलेली दिसली. मला वाटलं, म्हातारी मानली असेल.”

“उघडून पाहिलीस?”

“नाही. पाहायला हवी होती ना?”

बाईंच्या मनात आले, आपण तर उघडून पाहिली होती, दोन वेळा, आणि तरी काही दिसले नव्हते.

शेजारच्या यंत्रावर एक फीत सुरू झाली. ढोलाच्या ठेक्यात तारप्याची छोटी झेप उसळली. प्रत्येक फितीआधी वाजणारी चित्रमांडवची ती खूण होती.

“हा मंगळ्या वाजवतोय?”

“तेच. गेल्या दिवाळीनंतर इथे खाली रेकॉर्ड केलं. तेवढंच आहे आमच्याकडे, ढोलासकट. वर्षभर मागतेय मी, नुसता तारपा द्या, मागे वाजवायला लागतो. दादा म्हणतात, नाहीच आपल्याकडे.”

आतल्या खोलीत शैलेशने वाकून नमस्कार केला. वर्गात सर्वांत आधी पाठ म्हणून दाखवणारा तो मुलगा आता पंचेचाळिशीचा झाला होता. डोळ्यांखाली जागरणाची काळिमा होती.

“बाई, क्लिप मिथुनने आणून दिली. मी फक्त अर्जाला जोडली. पण त्याला दोष देऊ नका. त्याला वाटलं असेल, अठरा माणसांची नोकरी आहे, मावशीचं एक वाक्य आहे.”

“तुला काय वाटतं?”

तो खिडकीबाहेर पाहू लागला. “मला वाटतं, मंगेली, वाडवळी, वारली बोलणारा माणूस पहिल्यांदाच पडद्यावर स्वतःला ऐकतोय. शुक्रवारी ते बंद होईल.”

बाई जिना उतरल्या तेव्हा त्यांच्या पिशवीतला मोबाइल वाजला. अनोळखी आवाज दबून बोलत होता.

“बाई, मी मिथुन. उद्या सकाली तुमच्या वाडीत येतो. शैलेशदादांना सांगू नका.”

४

पहाटे पावसाची एक सर येऊन गेली होती. केळव्याच्या वाडीत दमयंतीबाई पानवेलींच्या मळ्यात उभ्या होत्या. पानमळा ही त्यांच्या घराण्याची चार पिढ्यांची ठेव. त्यात पायताण घालून कुणी शिरत नाही आणि मालकाने बोलावल्यावाचून परका पाऊल टाकत नाही. वेल विटाळतो, म्हणत. लहानपणी त्यांनी कारण विचारले तेव्हा वडील म्हणाले होते, “कारण वेलीचं आहे, आपलं नाही.”

झावळ्यांच्या आच्छादनावरून थेंब टपटपत होते. एवढ्याशा आवाजानेही त्यांच्या कर्णयंत्रात केवढी खळबळ माजली. त्यांनी ते काढून पुसले आणि पुन्हा कानात बसवताना त्यांचा हात तिथेच थांबला.

पागोळ्या. त्या चित्रात वळचणीवरून पागोळ्या गळत होत्या.

आणि तारपा वाजत होता.

नवा दाणा घरात आल्यावाचून ज्या पाड्यात तारप्याचे फडकेही सोडत नाहीत, त्या पाड्यात अठरा जुलैला, आषाढाच्या पावसात, तारपा कोण फुंकत होते?

“बाई!” कुंपणापाशी मिथुन उभा होता, पंचविशीचा, दाढी वाढलेला. चपला बाहेर काढून, बोलावण्याची वाट पाहत.

“ये. पळालास का?”

“पाड्यात सगले मलाच बोलतात, मामाकडं कुठल्या तोंडानं जाऊं? आनि हापिसात दादा बोलले, मिथुन, आठ दिवस गावाला जा, मी निभावतो. मी म्हनलं, निभावायला मी केलंय काय?”

“क्लिप तू दिली नाहीस?”

“मावशी नाय म्हनली, तेच दादांना सांगितलं. लगीन क्यामेऱ्यात होतं तसंच ऑफिसच्या मशीनमदी पडलं होतं. ती माझी चूक. पन क्लिप मी पाह्यलीसुद्दा नाय.”

एकाचे शब्द दुसऱ्याविरुद्ध. बाईंनी संमतीची ती फीत लावून मोबाइल त्याच्या हाती दिला आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या.

जिवली हसली, बोलली. मिथुनच्या कपाळावर आधी आठी पडली. मग तो चक्क हसला, आणि हसता हसताच त्याचा चेहरा उतरला.

“हे कोनी केलं? पागोल्या पडतायत आनि तारपा? बाई, आमच्याकडचं बारकं पोरपन असं करनार नाय. पावसात तारपा फुंकला तर पाडा धावत येईल, कोन मेलं म्हनून बघायला!”

“मग तो आवाज घातला कशाला असेल?”

“प्रश्न कापला ना. मागं पावसाचा आवाज चालू हाय. कापलं की तो टचकन तुटतो. झाकायला वरून दुसरा आवाज टाकतात.”

“म्हणजे ज्याने झाकला, त्याला वाटलं की वारल्यांच्या पाड्यात तारपा बारमाही वाजतो.”

“शहरातल्या सगल्यांना तेच वाटतं.”

शहरातल्या. बाई खाली बसल्या. केळव्यापासून खडकपाडा किती दूर? तासाभराची वाट. पंचाहत्तर वर्षांत ती वाट त्या एकदाच चालल्या होत्या, काल. समितीतल्या पाचही शहाण्यांनी पागोळ्या पाहिल्या, तारपा ऐकला, आणि देखावा छान आहे म्हणून माना डोलावल्या.

मिथुन सुटला होता. उरले मेघाली आणि शैलेश, आणि चित्रातला एक खोकला.

५

“परत लाव,” मंगळ्या म्हणाला.

बुधवारची दुपार होती. ओसरीत जिवली, मिथुन आणि बाई. मंगळ्याने मोबाइल कानाशी धरला. तारपा, मग खोकला, मग पुन्हा तारपा.

“ह्यो मीच.”

“तारपा वाजवणारे अनेक असतील, मंगळ्यादादा.”

“श्वास दुसऱ्याचा कसा आसंल, बाय? आनि खोकला तर माझाच. तारपा फुंकताना श्वास तोडत नाय, नाकानं घ्यायचा, तोंडानं सोडायचा. मी आख्ख्या जन्मात एकदाच तुटलो.”

“कुठे?”

मंगळ्या लाजला. “केलव्याला. गेल्या साली, दिवाली झाल्यावर. शैलेशशेटनं बोलावलं होतं, घरी. ओट्यावर बसवलं. त्याच्या घरच्यानी चाय दिला, आल्याचा, तिखटजाल! घोट घेतला, फुंकायला लागलो, आनि ठसका. शेट हसला. बोलला, राहूं दे, बोईसरला नीट करूं. मंग चार दिवसांनी बोईसरला केलं, ढोल घेऊन.”

“ओट्यावरचं कशात घेतलं?”

“त्याच्या मोबाइलमदी. मला ऐकवलं पन, खोकल्यासकट.”

“आणखी कोण होतं? मेघाली?”

“कोन नाय. शेट, त्याची बायको, आनि तो चाय.”

जिवली हसली. बाईंना मात्र हसू आले नाही. कार्यालयातला तारपा ढोलासकट होता; तो घातला असता तर समितीतल्या प्रत्येकाने चित्रमांडवची खूण ओळखली असती. नुसता तारपा हवा होता. मेघाली तो वर्षभर मागत होती आणि तिला ‘नाहीच’ असे उत्तर मिळत होते. तो एकाच माणसाच्या खिशात होता.

“कलला का कोन?” जिवलीने विचारले.

“कळलं.” बाईंच्या तोंडून शब्द जड निघाला. “माझा विद्यार्थी.”

जिवलीने त्यांच्याकडे पाहिले. “मंग तुझंपन काय तरी गेलं,” ती म्हणाली.

६

गुरुवारी सकाळी शैलेश बाईंच्या वाडीत आला. पानमळ्याच्या कडेला त्याने नकळत चपला काढल्या आणि तिथेच थांबला.

“आत ये म्हणू?” बाईंनी आतून विचारले.

“तुम्ही म्हणाल तेव्हाच येईन ना, बाई.”

“का बरं? वेली काय, पानंच आहेत. बाजारात ढिगाने मिळतात.”

तो गोंधळून हसला. “आमचाही मळा होता. वडिलांनी पाय मोडले असते.”

“खडकपाड्याला जाताना मात्र चपला घालून गेलास.”

शैलेशचे हसू विरले. बाईंनी आवाज न चढवता सगळे सांगितले. पागोळ्या, तारपा, आल्याचा चहा, खोकला. ज्या लयीत त्या एके काळी अन्वय लावीत, त्याच लयीत. शेवटी म्हणाल्या, “दिवाळीतला तारपा आषाढात वाजवलास, शैलेश. आणि मी तो ऐकून ‘योग्य’ लिहिलं.”

“एकोणचाळीस होत्या,” तो म्हणाला. “एकच कमी. मुदत वाढवून मागितली, मिळाली नाही. बाई, आणखी दहा वर्षांनी ते गाणं कुणाला येणार आहे? जिवलीमावशीच्या मागे कुणी शिकलेलं नाही. मी ते वाचवत होतो.”

“ज्याचं आहे त्याच्यापासून?”

“तुम्हीच सांगायचात ना, पाठांतर तुटलं की ग्रंथ मेला?”

हा बाण बाईंच्या वर्मी बसला.

“सांगायची. पण माझ्या गुरूंनी मला पहिला पाठ दिला तो वर्षभर त्यांच्या दारात बसवून. मी भिंतीआडून चोरून लिहून घेतला असता तर ग्रंथ जगला असता, शैलेश. आमच्यातलं काहीतरी मेलं असतं. हे मी तुम्हाला शिकवायला विसरले. आणि त्या गरीब मुलावर दोष लोटलास, ते कशाला वाचवायला?”

त्याने मान खाली घातली. अठरा घरे, कर्ज, बोली, पडदा, सगळे त्याच्या ओठांपर्यंत येऊन परत गेले असावे.

“उद्या तुम्ही समितीत सांगणार?”

“मी माझ्यापुरतं सांगेन. तुझं तू सांगायचं. आणि समितीच्या आधी, जिथे सांगायला हवं तिथे.”

“पाड्यात?” त्याचा चेहरा पांढरा पडला. “ते मला उभं करतील, बाई?”

“ठाऊक नाही. कुंपणाशी थांब. बोलावलं तर आत जा.”

७

त्या संध्याकाळी खडकपाड्याच्या अंगणात शैलेश राऊत दीड तास उभा होता, असे मिथुनने नंतर सांगितले. कुणी बसायला सांगितले नाही, कुणी हाकलूनही दिले नाही. तो सगळे बोलला. रिद्धीच्या आईने दोनदा तेच विचारले, “म्हंजे जिवलीनं दिलंच नव्हतं?” आणि तो दोनदा म्हणाला, “नाही. मी चोरलं.”

शुक्रवारी समितीपुढे दमयंतीबाई प्रथम उठल्या. “माझा शेरा मी मागे घेते. मी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, पण जाणून घेतलं नाही. या जागेवर संस्कृत जाणणाऱ्या बाईपेक्षा पाडा जाणणारी बाई हवी, अशी माझी लेखी शिफारस आहे.” त्यांनी राजीनामा ठेवला. मग शैलेश उठला. अर्ज रद्द झाला. नव्या अर्जासाठी दोन वर्षे थांबावे लागणार होते. मेघाली घिवलीला आईबरोबर सुकी मासळी विकायला बसू लागली. भेटली की ‘मॅडम’ म्हणे, पण थांबत नसे. दोनशे मोबाइलवरून ती फीत काढून घेतल्याचे पत्र निघाले. दोनशेही मोबाइलवरून ती खरोखर गेली का, हे कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते. बाईंच्या मनात ते कुसळासारखे राहिले.

माघात मिथुन बोलावणे घेऊन आला. रिद्धीचे लग्न, खडकपाडा.

मांडवाच्या बाहेर, शेणाने सारवलेल्या अंगणात बाईंना बसायला घोंगडी मिळाली. नवे भात कधीच घरात आले होते. मंगळ्याने शब्द पाळून तारपा पोटभर दाखवला, वाजवला, एकदाही खोकला नाही, आणि मग मुद्दाम खोकून दाखवला. बायका हसल्या. रिद्धीची आई पुढे झाली, जिवलीचा हात धरून तिला मांडवात घेऊन गेली आणि नवरानवरीसमोर बसवले.

जिवलीने घसा साफ केला.

दमयंतीबाईंनी कानावर हात नेला, कर्णयंत्र हळूच काढले, डबीत ठेवले आणि डबीचे झाकण लावले. अंगणातले सगळे आवाज एकदम दूर गेले. हे गाणे मांडवात बसलेल्यांचे. आपण मांडवाबाहेर आहोत. त्यांनी मान खाली घातली आणि थांबल्या.

गाणे सुरू झालेच नाही.

थोड्या वेळाने त्यांनी वर पाहिले. जिवली त्यांच्याकडेच पाहत होती, आणि सगळा मांडव मागे वळून पाहत होता. जिवलीचे ओठ हलले. काही ऐकू आले नाही. तेव्हा ती उठली, मांडवाच्या कडेपर्यंत आली, बाईंच्या मांडीवरच्या डबीकडे बोट केले आणि मग स्वतःच्या कानाकडे.

बाईंनी यंत्र कानात बसवले.

“ते काहाडलंस कशाला?” जिवली म्हणत होती. “मी बोलावलंय तुला. आत ये. चपला तेवढ्या भायेर ठेव.”